काचेखालचा पाऊस

त्या मुलुखात पाणी भरपूर होतं, पण ते सगळं खारं होतं. तळं खारं, विहिरी खाऱ्या, जमिनीत हातभर खणलं की लागायचा तो ओलावाही खारा. आणि मुलूख होता भांड्यांचा. भांडं जन्माला येतं ते भरण्यासाठी. तिथे भरायला मिळायचं ते हे असलं. तांब्यापितळेची भांडी हिरवी पडायची, लोखंडाची गंजायची, पण ती कशीबशी तग धरायची. मातीच्या भांड्यांचं तसं नव्हतं. खारं पाणी त्यांच्या अंगात मुरायचं, मग अंगावर पांढरा लोणा फुटायचा, पोपडे सुटायचे, आणि चांगलं नांदतं मडकं एके दिवशी बसल्या जागी मातीचा ढीग होऊन जायचं.

त्या मुलुखात चोर एकच होता. लपूनछपून येणारा नव्हे. तो रोज सकाळी उजळ माथ्याने पूर्वेकडून यायचा, सगळ्यांच्या देखत उघड्या भांड्यांतलं पाणी न्यायचा आणि संध्याकाळी लालबुंद तोंडाने पश्चिमेला निघून जायचा. त्याचं नाव सूर्य. दिवसा ते नाव कोणी घेत नसे. उजाडायच्या आत, ज्याला झाकण असेल त्याने ते घट्ट लावून घ्यायचं आणि ज्याला नसेल त्याने पालथं पडायचं, अशी तिथली रीत होती. सूर्याला तोंड दाखवलं की अब्रू गेलीच म्हणून समजा. सोयरीक जुळवताना आधी एवढंच विचारत, ‘मुलीला झाकण आहे ना?’

अशा मुलुखात झाकणांचा तोरा काय असेल ते सांगायला नको. पंच तीच, पुढारी तीच. आणि सगळ्यांच्या वर थोरल्या रांजणाचं पितळी झाकण. हा रांजण टेकाडावर कमरेइतका जमिनीत पुरलेला होता. त्याच्या पोटात गोड्या पाण्याचा साठा आहे, असं झाकण सांगायचं. झाकण सांगतं म्हणजे असणारच.

गोडं पाणी एके काळी मिळायचं, हे खरं. तेव्हा मुलुखात भट्टी होती. खारं पाणी काहिलीत ओतायचं, खाली भट्टी पेटवायची, आणि वर उठलेली वाफ थंड होत होत नळीतून माठात उतरायची. ते पाणी गोडं असायचं, नितळ असायचं. पण भट्टीची भूक मोठी. तिने आधी झाडं खाल्ली, मग झुडपं, मग डोंगरातली मुळं उपटून खाल्ली. आभाळ काजळलं. डोंगर बोडके झाले तशी तिची नजर घरातल्यांवर गेली, पोळपाटांवर, ताक घुसळायच्या रव्यांवर, लाकडी परातींवर. ‘मी विझले तर तुम्ही तहानेने मराल,’ असं ती म्हणायची, आणि ते खरंही वाटायचं. बरेच पोळपाट आपल्या पायांनी चालत तिच्या तोंडात गेले. मग तेही संपले आणि भट्टी विझली.

त्या भट्टीवर आयुष्य काढलेली काहील टेकाडाच्या पायथ्याशी पडून होती. उसाचा रस उकळायला असते तसली, पसरट आणि लोखंडी. तिच्या बुडाखाली डोंगरच्या डोंगर जळले होते आणि त्यांची काजळी तिच्या आतबाहेर अशी बसली होती की एवढं काळं दुसरं काही त्या मुलुखात नव्हतं. तिचं तोंड इतकं ऐसपैस की त्या मापाचं झाकण कुठे मिळेना. पालथं पडावं तर दोन्ही कड्या गंजून तुटलेल्या. तिला उचलणार कोण? त्यामुळे ती दिवसाढवळ्या तोंड उघडं टाकून पडायची. अब्रूदार भांडी तिच्याकडे बघायची नाहीत. दिवेलागणीला मात्र आपलं नासकं खारं पाणी आणून तिच्यातच ओतायची.

काहील कोणाच्या बापाला भ्यायची नाही. सूर्य उगवला की तिचं तोंड सुरू व्हायचं.

“आलास? ये बाबा, ये. झाकलेल्यांपुढे तुझं काही चालत नाही, तुझी सगळी मर्दुमकी या म्हातारीवर! घे, ढोस!”

सूर्य आपलं काम चालूच ठेवायचा. तो कोणाशीच बोलत नसे.

तिच्या शेजारी माठ बसलेला असायचा. भट्टीच्या दिवसांत हिच्या वाफेचं पाणी त्याच्याच पोटात उतरायचं. दोघांनी मिळून तो मुलूख पाजला होता आणि आता दोघांना कोणी विचारत नव्हतं. माठाच्या तोंडावर एक फुटकी परई होती, झाकण म्हणून. तो शांत होता, आणि काहील एकटीच दोघांपुरतं बोलायची.

एका सकाळी तिला माठाच्या पोटावर पांढरा पट्टा दिसला.

“हे काय रे?”

“कुठे काय?” माठ म्हणाला. “म्हातारपणी गोरा होतोय मी.”

“गोरा कसला मेल्या, लोणा आहे तो! कधीपासून?”

“असेल थोडे दिवस.”

“आणि बोलला नाहीस?”

“तू बोलू कधी देतेस, काहीलबाई?”

काहील हसली नाही. लोणा म्हणजे काय हे तिला ठाऊक होतं. त्याला औषध एकच, गोडं पाणी. अंगात मुरलेला खार गोड्या पाण्याने पाझरून बाहेर काढायचा, तोही वेळेत. माठाचा काठ एका बाजूने आताच भुरभुरायला लागला होता.

तिने टेकाडाकडे तोंड करून हाक मारली. लोखंडाचा आवाज तो, मुलूखभर घुमला.

“ओ झाकणराव! माठाला लोणा लागलाय. साठ्यातलं घोटभर पाणी द्या.”

झाकण जागचं हललं नाही. रांजणाच्या तोंडावर घट्ट बसूनच ते म्हणालं, “साठा आहे. पण उघडायचा कसा? चोर डोक्यावर आहे.”

“मग तो गेल्यावर उघडा.”

“संध्याकाळी वारा असतो.”

“आणि वारा नसेल तेव्हा?”

“तेव्हाचं तेव्हा बघू. एकाला दिलं की सगळे मागतात. आणि काहीलबाई, ज्यांनी जन्मभर तोंड उघडं टाकलं त्यांनी झाकलेल्यांना शिकवू नये.”

आजूबाजूची लहान झाकणं किणकिण हसली. काहिलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

दुपारी ती आपल्या तळाकडे बघत राहिली. सूर्याने आदल्या दिवशीचं पाणी नेलं होतं आणि तिच्या मांडीवर मिठाचा पांढरा थर उरला होता. तो रोजच उरायचा. रोज ती त्यावरून सूर्याला शिव्या द्यायची, की मेला पाणी नेतो आणि घाण मला ठेवतो. त्या दिवशी शिवी तोंडाशी येऊन थांबली. खार सगळा इथेच आहे. मग नेलं ते काय?

“माठोबा,” ती हळूच म्हणाली, “खाऱ्या पाण्यातून खार इथेच ठेवला, तर नेणाऱ्याच्या हातात काय राहतं?”

माठाच्या काठाचा एक पोपडा सुटून खाली पडला. तो म्हणाला, “भट्टी तरी दुसरं काय करायची?”

“तिला डोंगर लागायचे.”

“याला काय लागतं?”

दोघांनी वर बघितलं. त्या मुलुखात जन्माला येऊन त्याच्याकडे असं सरळ कोणी बघितलं नव्हतं. डोळे दिपले, आणि माठाने आपली परई पटकन खाली ओढली.

आता, नेतो ते गोडं असलं तरी नेतो तो नेतोच. त्याच्या हातून काढून कसं घ्यायचं? उत्तर आलं ते वाऱ्याच्या धसमुसळेपणामुळे.

वारा तिथला उनाड. कामधंदा नाही, घरदार नाही, येता जाता कोणाला ढकलावं, कोणाची परई उडवावी, एवढंच त्याला ठाऊक. काहिलीच्या मागच्या पडक्या भिंतीला एक काच टेकून उभी असायची. कुठून तरी दूरवरून आलेलं मोठं तावदान होतं ते. आली तेव्हा तिने झाकणांच्या पंचायतीत जागा मागितली होती. पंचांनी तिला उन्हात धरून पाहिली आणि निकाल दिला, की ही झाकते पण लपवत नाही, आणि जी लपवत नाही ती झाकण नव्हे. तेव्हापासून ती भिंतीशीच होती, कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काहिलीत कोणाचं तरी खारं पाणी भरलेलं होतं. वाऱ्याने भिंतीला वळसा घातला आणि काचेला मागून धक्का दिला. ती घसरत आली आणि काहिलीच्या तोंडावर आडवी पडली.

“माफ करा आत्या,” ती कसनुशी होऊन म्हणाली. “ढकललं मला त्याने.”

“पड पड. माझ्यावर पडायचंच कोणी बाकी होतं!”

ऊन चढलं. काचेला ऊन अडवता येत नव्हतंच. ते तिच्यातून सरळ आत उतरलं आणि काहिलीच्या काळ्या तळाला जाऊन भिडलं. काहील तापू लागली. थोड्या वेळाने काच आतून धुरकट झाली, आणि मग तिच्या पोटाला थेंब दिसू लागले.

“अगं चोरटे!” काहील ओरडली. “माझं पाणी तू उचलतेस?”

“मी कुठे नेऊ आत्या? मला पोट आहे का?”

काचेवरचा एक थेंब फुगला, लोंबला आणि टपकन काहिलीच्या कडेवर पडला. तिथे पाणी नव्हतं, नुसतं गंजकं लोखंड होतं. तिला तो चाखता आला.

काहील गप्प झाली. असं फारसं कधी घडलं नव्हतं. माठाने घाबरून विचारलं, “काय झालं? बाई? ए बाई!”

“गोडं आहे,” ती म्हणाली.

तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. भट्टीचा जाळ खालून यायचा तो बोंबलत यायचा. धूर, ठिणग्या, झाडांचं तडतडणं, पोळपाटांचे हुंदके, सगळं तिने बुडाखाली सोसलं होतं. हा वरून येत होता आणि त्याला आवाजच नव्हता. किती लांबून येत होता कोण जाणे. एवढं आभाळ ओलांडून, वाटेत कशाचीही राख न करता, तो तिच्या मांडीवर येऊन बसला होता, तेही ती रोज शिव्या घालत असताना. तिला वाटलं, आपण आयुष्यभर पाण्याच्या भल्यामोठ्या लोटाखाली बसलो होतो आणि डोकं भिजू नये म्हणून धडपडत होतो.

पण थेंब तिच्यातच परत पडत होते. काच सपाट आडवी. जिथून उठायचं तिथेच पडायचं आणि पुन्हा खारं व्हायचं. काहिलीने बरीच बडबड केली, काचेला दोष दिला, वाऱ्याला दिला. मग माठ म्हणाला, “तिला उतार द्या. भट्टीची नळी तिरपी होती.”

“उतार कशावर देऊ? टेकू कुठाय?”

“माझ्या काठावर द्या.”

“तुझा काठ? फुंकर मारली तर उडेल तो!”

“म्हणूनच घाई करा,” माठ म्हणाला, आणि त्याने आपली परई बाजूला टाकली.

भर उजेडात माठाने तोंड उघडं केलं! टेकाडावर एकच गलका उठला. वाऱ्याला तर तेवढंच हवं होतं. त्याने काचेला खालून रेटा दिला, आणि तिची एक कड भिंतीच्या दगडावर चढली आणि दुसरी माठाच्या काठावर येऊन टेकली. काठाचे पोपडे झरझर सुटले. माठ कळवळला, पण बसला.

काचेच्या पोटाला थेंब धरले, एकमेकांत मिसळले आणि उताराने सरकू लागले. पहिला थेंब माठाच्या तोंडात पडला. तळाशी टप्प असं वाजलं. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा.

“फार हळू येतंय,” काच म्हणाली. “ऊन एवढंच पोचतंय.”

माठाच्या काठावरून माती गळत होती आणि आत थेंब पडत होते. काहिलीला दोन्ही दिसत होतं, आणि कुठलं आधी संपणार तेही दिसत होतं.

“काढून घे काच,” ती म्हणाली. “ऐक माझं. ओझं उतरव. उद्या बघू.”

“उद्या बघायला मी उरायला हवा ना,” माठ म्हणाला. “राहू दे. किती वर्षांनी पोटात गोडं वाजतंय.”

काहिलीने सूर्याकडे बघितलं. जन्मात कोणाकडे काही न मागितलेली ती म्हातारी, तिला मागायचे शब्दही नीट येत नव्हते. “अजून थोडं,” ती म्हणाली. “तुझ्याकडे पडलंय की रे एवढं.” सूर्य होता तिथे तळपत राहिला.

टेकाडावर झाकणांचा संताप अनावर झाला होता. पितळी झाकणाने आजवर जे काही सांगितलं ते बसल्या जागेवरून. पण हे काही साधं प्रकरण नव्हतं. चोराशी संगनमत, आणि तेही उघड्यावर! सगळ्या मुलुखाला ऐकू जाईल असं बोलायचं तर रांजणाच्या तोंडावरून थोडं उठणं भाग होतं. ते एका कडेवर उठलं आणि गरजलं, “पालथे व्हा! दोघेही पालथे व्हा! आमच्या मुलुखात—”

पुढचं वाऱ्याने ऐकलं नाही. उठलेल्या कडेखाली फट दिसताच तो तीत घुसला आणि त्याने झाकण उडवलं. ते खणखणत उतारावरून घरंगळलं, दगडाला आपटलं आणि काहिलीच्या वरच्या अंगाला उताणं होऊन पडलं.

“उचला!” ते किंचाळत होतं. “मला सरळ करा! अब्रू गेली माझी! बघू नका कोणी!”

बघायला कोणाला फुरसत होती? सगळ्यांचे डोळे टेकाडावर लागले होते. थोरला रांजण पहिल्यांदाच उघडा पडला होता आणि ऊन सरळ त्याच्या तळापर्यंत गेलं होतं. आत काही नव्हतं. वाळलेला, भेगाळलेला तळ होता, बस्स. पाणी केव्हाचं जमिनीत मुरून गेलं होतं. रांजण कसलीच सबब न सांगता शरमून बसून राहिला.

एका घागरीने उताण्या झाकणाला विचारलं, “तुम्हाला ठाऊक होतं?”

झाकण ओरडायचं थांबलं. मग म्हणालं, “वर बसलेल्याला खालचा पोकळ आवाज ऐकू येतोच.”

कोणी त्याला बोल लावायच्या आत काच ओरडली. “आत्या! काहीतरी होतंय!”

झाकणाची पाठ उन्हावाऱ्याने काळवंडलेली होती. पण त्याचं पोट आजवर उजेडात आलंच नव्हतं. वर्षानुवर्षं अंधारात राहिलेलं ते पितळ सोन्यासारखं लखलखत होतं, आणि आता त्यावर सूर्य पडला होता. तिथून एक झगझगीत पट्टा निघून काचेच्या कडेला येऊन भिडला होता. त्याचा थोडाच भाग आत जात होता, पण तेवढ्यानेही काहिलीतलं पाणी सळसळायला लागलं. माठात थेंब आता भराभर वाजत होते.

दोन परया आणि एक ताटली झाकणाला सरळ करायला धावल्या होत्या. त्यांनी त्याला कडेला धरलं, उचलायला जोर लावला.

“थांबा,” झाकण म्हणालं.

सगळ्या थांबल्या. झाकणाने खाली बघितलं, काठ ढासळत असलेल्या माठाकडे, आणि मग आपल्या पोटातल्या उजेडाकडे. आपण आतून असे आहोत, हे त्यालाही ठाऊक नसावं.

“जरा डावीकडे कलवा मला,” ते म्हणालं.

त्यांनी कलवलं. उजेडाचा पट्टा सरकला आणि पुरा काहिलीच्या मांडीवर उतरला. काहिलीला वाटलं आपण पुन्हा भट्टीवर चढलो, फक्त या वेळी खाली कोणी रडत नव्हतं. वाफ उठली, काच थरारली, आणि थेंबांची धार झाली. माठाच्या काठावर काचेच्या भाराने शेवटचा पोपडा सुटला आणि तिथेच आतली ओली माती घट्ट धरून राहिली. माठाचा रंग तळापासून वर गडद होत चालला.

एक लहानसं तांब्याचं झाकण आपल्या गडूवरून उठलं, कोणाला न विचारता उतारावर आलं आणि उताणं झालं. मग दुसरं आलं. मग ताटल्या, चेपलेल्या, घासलेल्या, कधी कोणी न पुसलेल्या. त्यांना कुठे कलायचं ते पितळी झाकण सांगत होतं, आणि त्याच्या आवाजात अजून थोडी ऐट होती.

दुपार डोक्यावर आली. बोडक्या टेकाडाच्या उतारावर मुलुखातली सगळी झाकणं पाठीवर पडलेली होती, प्रत्येकाच्या पोटात एकेक सूर्य, आणि त्यांच्या पायथ्याशी, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, एका काचेखाली मुसळधार पाऊस पडत होता.